ज्या मंडईला जोतीरावांनी विरोध केला, तिलाच पुढे त्यांचं नाव लागलं

शिरूर/दौंड : केडगाव, यवत, न्हावरे, शिक्रापूर भागातला भाजीपाला रात्रीच टेम्पोत भरला जातो आणि पहाटे पुण्यात पोचतो. आता घाऊक माल गुलटेकडीच्या मार्केट यार्डात उतरतो, पण जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही मंडई म्हणजे फुले मंडईच. दगडी बांधकाम, मधोमध उंच मनोरा, भोवती गाळे. पुण्यात गेलेल्या प्रत्येकाने ती पाहिलेली असते. पण ही मंडई बांधायचं ठरलं तेव्हा तिला ठाम विरोध करणाऱ्यांत महात्मा जोतीराव फुले होते, हे फारच थोड्यांना ठाऊक असतं.

जोतीरावांचं नाव घेतलं की मुलींची शाळा आठवते, सत्यशोधक समाज आठवतो. ते बांधकामाचा माल पुरवणारे ठेकेदार होते आणि सहा-सात वर्षं पुणे नगरपालिकेचे सभासद होते, ही बाजू मागे राहते. शहर कसं वाढावं, पैसा आधी कशावर लागावा, याचा झगडा त्यांनी त्या सभागृहात केला. शिरूर-दौंडच्या गावांत आज प्लॉट पडतायत, इमारती उठतायत, म्हणून ही बाजू इथल्या वाचकाने माहीत करून घ्यावी अशी आहे.

कटगुण, खानवडी, मग पुणे

फुल्यांचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं कटगुण, मूळ आडनाव गोऱ्हे. तिथून घराणं पुरंदर तालुक्यातल्या खानवडीला आलं. आजोबा शेटीबा हलाखीमुळे पोट भरायला पुण्यात आले. पुढच्या पिढीने पेशव्यांकडे फुलं पुरवायचं काम केलं आणि फुले हेच नाव पडलं. म्हणजे आज गावाकडची पोरं पुण्याला जाऊन भाड्याच्या खोलीत राहतात, तसंच हे कुटुंबही एके काळी शहरात आलेलं.

जोतीरावांचा जन्म 11 एप्रिल 1827 चा. आई चिमणाबाई ते तान्हे असतानाच गेल्या. सगुणाबाईंनी त्यांना सांभाळलं. वडील गोविंदरावांनी लोकांचं ऐकून पोराला शाळेतून काढलं आणि मळ्यात घातलं. शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी समजूत घातली, तेव्हा पुन्हा शाळा सुरू झाली. 1840 मध्ये सावित्रीबाईंशी लग्न झालं. 1848 मध्ये नवरा-बायकोंनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. त्यापायी घर सोडावं लागलं, पण शाळा सोडली नाही.

चुना, दगड आणि हिशोब

समाजकार्य करायचं तर चूल पेटली पाहिजे. जोतीरावांनी दागिने ओतायच्या मुशी विकण्याची एजन्सी चालवली, बांधकामाला लागणारा चुना आणि दगड पुरवण्याचे ठेके घेतले. येरवड्याचा पूल, कात्रजचा बोगदा आणि खडकवासल्याचं धरण ही त्यांच्या ठेक्यांतली मोठी कामं सांगितली जातात.

खडकवासल्याचं काम 1869 ते 1879 असं दहा वर्षं चाललं. याच धरणाच्या कालव्याचं पाणी आज दौंड-इंदापूरकडे येतं आणि दर उन्हाळ्यात पुण्याला किती आणि शेतीला किती यावरून भांडण होतं. 1961 च्या जुलैत पानशेत फुटलं तेव्हा हे धरणही वाहून गेलं. आज दिसतं ते नंतर पुन्हा बांधलेलं.

ठेकेदारीत जोतीरावांनी दोन गोष्टी जवळून पाहिल्या. एक म्हणजे मजुरांचं जिणं. दुसरी म्हणजे सरकारी बांधकामात पैसा कुठे मुरतो ते. इंजिनियर खात्यातले कारकून हजेरीपटावर आणि मापात काय काय करतात, यावर त्यांनी पोवाड्याच्या चालीत लिहिलं. ते 1873 च्या 'गुलामगिरी' पुस्तकाबरोबर छापलेलं आहे. स्वतः त्याच धंद्यात राहून असं लिहायला छाती लागते.

त्याआधी 1868 मध्ये त्यांनी आपल्या घरातला पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला होता. भोवतालच्या लोकांना ते रुचलं नाही. गावात नळ आला, टाकी बांधली, पण पाणी कुणाला भरू द्यायचं, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या दारात सोडवला होता. नगरपालिकेत जायच्या आठ वर्षं आधी.

नगरपालिकेतली वर्षं

1876 मध्ये जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद झाले आणि 1882 पर्यंत होते. त्या काळी आजच्यासारखं मतदान नव्हतं, सभासद सरकार नेमायचं. सभागृहात बसलेले बहुतेक वजनदार, साहेबांच्या मर्जीतले. अशा ठिकाणी गप्प राहणं सोपं असतं.

व्हाइसरॉय लिटन यांच्या पुणे भेटीसाठी शहर सजवायचं ठरलं. खर्च 1000 रुपये. आज आकडा लहान वाटेल, पण तेव्हा तेवढ्यात एखादी शाळा बराच काळ चालली असती. जोतीरावांचं म्हणणं होतं की हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला लावा. ठराव मताला आला तेव्हा विरोधात हात वर करणारे ते एकटेच होते. ठराव अर्थातच मंजूर झाला.

1880 मध्ये पुण्यात दारूची दुकानं वाढू लागली. जोतीरावांनी नगरपालिकेच्या व्यवस्थापक समितीच्या अध्यक्षांना पत्र लिहून विरोध नोंदवला. दुकान कुठे असावं, वस्तीत काय चालावं आणि काय चालू नये, हा नगरपालिकेने बघायचा विषय आहे, निव्वळ महसुलाचा नाही, अशी त्यांची भूमिका होती. कोणत्या जागेत कोणता धंदा चालेल याचे नियम आज छापील आहेत. त्यामागचा विचार त्यांनी तेव्हाच मांडला होता.

मंडईचा वाद

तोवर पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या जागेत भरायचा. ऊन, पाऊस, चिखल, घाण सगळं तिथेच. नगरपालिकेने एक मोठी पक्की मंडई बांधायची योजना आखली. छप्पर, ओटे, मोकळी हवा, गाळ्यांची शिस्त, म्हणजे त्या काळातला दर्जेदार व्यापारी बाजारच.

जोतीरावांनी विरोध केला. हरी रावजी चिपळूणकर यांनी साथ दिली. चिखलात भाजी विकावी असं जोतीरावांचं म्हणणं नव्हतं. स्वतः माळी कुटुंबातले, भाजी पिकवणाऱ्याचे आणि विकणाऱ्याचे हाल त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांचा मुद्दा एवढाच की नगरपालिकेकडे पैसा मोजका आहे. गरिबांच्या पोरांच्या शिक्षणाला द्यायला तो कमी पडतो आणि टोलेजंग इमारतीला मात्र निघतो. आधी काय आणि मग काय, हा क्रम चुकतोय.

बहुमतापुढे विरोध टिकला नाही. मंडई उभी राहिली, 1886 मध्ये तिचं उद्घाटन झालं आणि मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव तिला दिलं गेलं. रे मार्केट. खरं सांगायचं तर मंडईने पुण्याची सोय केली. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ तिथे लोकांनी भाजी विकली आणि घेतली. म्हणजे बांधणारे अगदीच चुकले असं म्हणता येत नाही. पण जोतीरावांनी विचारलेला प्रश्नही खोटा ठरला नाही. शाळा मागे राहिल्याच.

शेतकऱ्याची बाजू

हा प्रश्न त्यांना का छळत होता, हे समजायला शिरूरकडेच यावं लागतं. डिसेंबर 1874 मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावात सावकाराविरुद्ध लोक एक झाले. सावकाराकडून देशमुखाच्या घरावर जप्ती आल्यावर गावाने सावकाराला वाळीत टाकलं. तिथून लोण पसरलं आणि 12 मे 1875 ला सुप्याच्या बाजारात उठाव झाला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं, आज बारामतीत आहे. लोकांनी सावकारांच्या घरात घुसून कर्जरोखे काढले आणि जाळले. पुढे 1876-77 चा दुष्काळ पडला. सत्यशोधक समाजाने धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र उघडलं. या दुष्काळाच्या काळात जोतीराव नगरपालिकेत होते. बाहेर पोरं उपाशी आणि आत सजावटीचे ठराव.

1883 मध्ये त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिलं. शेतकरी गाडीभर माळवं शहरात आणतो, नगरपालिकेची जकात भरतो, दलाली देतो आणि घरी जाताना हातात काय उरतं, याचा हिशोब त्यात मांडला आहे. म्हणजे शहराच्या सुधारणेचा पैसा काही अंशी शेतकऱ्याच्या गाडीतून निघतो, पण सुधारणा त्याच्या गावात पोचत नाही. त्याच पुस्तकात त्यांनी उपायही सांगितले. पावसाचं पाणी मुरेल असे बांध घाला, तळी-तलाव नीट करा, धरणाचं पाणी मोजून प्रत्येकाच्या शेताला मिळेल अशी व्यवस्था करा. पाणलोटाची कामं आज गावोगाव चालतात, ती कल्पना त्यात दिसते.

2 मार्च 1888 ला ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ हरी रावजी चिपळूणकर यांनी मेजवानी दिली. भारी पोशाखातल्या पाहुण्यांत जोतीराव साध्या शेतकऱ्याच्या वेशात गेले. तिथे उभं राहून त्यांनी सांगितलं की या दालनात बसलेली माणसं म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरी रयत खेड्यात आहे आणि तिला शिक्षण हवं आहे. यजमान त्यांचा मित्र होता, मंडईच्या वादात साथ देणारा. तरीही बोलायचं ते बोलले. त्याच वर्षी 11 मे रोजी मुंबईत लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली.

शेवटची परवानगी

1888 च्या उन्हाळ्यानंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला तर डाव्या हाताने 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तक लिहून पुरं केलं. ठेकेदारीत कमावलेलं समाजकार्यात गेलं होतं, घरात ओढाताण होती. 28 नोव्हेंबर 1890 रोजी ते गेले.

आपला देह दहन न करता घराच्या मागे मिठात पुरावा, अशी त्यांची इच्छा होती. खड्डाही खणून ठेवला होता. पण राहत्या वस्तीत दफनाला नगरपालिकेने परवानगी दिली नाही. ज्या नगरपालिकेत ते बसले, तिनेच नियमावर बोट ठेवलं. शेवटी दहन झालं. दत्तक मुलगा यशवंतच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद घातला, तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवं धरून पुढे चालल्या. नंतर अस्थी घरामागे ठेवून समाधी बांधली गेली. तो फुले वाडा आज समताभूमी म्हणून ओळखला जातो.

मंडईचं पुढे काय झालं? आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना रे मार्केटचं नाव बदललं आणि ती महात्मा फुले मंडई झाली. विरोध करणाऱ्याचंच नाव इमारतीला लागलं.

आजच्या गावांसाठी

रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीभोवती, सणसवाडी-शिक्रापूरच्या पट्ट्यात, सोलापूर रस्त्याला यवत-केडगावपर्यंत वस्ती वाढतेय. 2015 पासून या दोन तालुक्यांतली काही गावं पीएमआरडीएच्या हद्दीत आहेत, 2020 पासून राज्याच्या बहुतांश भागाला एकच विकास नियमावली लागू आहे. कागदावर नियमांची कमी नाही. प्लॉट घेताना मात्र लोक कमान आणि गेट बघतात. सांडपाणी कुठे जाणार, रस्ता कुणाच्या नावावर आहे, उन्हाळ्यात पाणी येणार का, शाळा किती लांब, हे नंतर कळतं.

ग्रामसभेत व्यापारी संकुलाचा, कमानीचा, सुशोभीकरणाचा ठराव येतो तेव्हा एक जण उठून विचारू शकतो की शेवटच्या वस्तीत गटार झालं का, अंगणवाडीला छप्पर आहे का. बहुमत विरुद्ध जाईल कदाचित. जोतीरावांच्याही गेलं होतं. पण विचारलेला प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यायला लावता येतो, आणि पुढच्या ग्रामसभेत त्याचं उत्तर मागता येतं.