विश्लेषण : विसाव्या वर्षी मारल्या गेलेल्या तरुणाचे गणित तुमच्या सिमकार्डात कसे आले?

फोन सुरू केला की नेटवर्क आणि सिमकार्ड यांच्यात एक छोटी परीक्षा होते. नेटवर्क एक स्वैर आकडा पाठवते. सिममधील चिप आपल्याकडच्या गुप्त किल्लीने त्याचे उत्तर काढते आणि फक्त उत्तर परत पाठवते. किल्ली कार्डाबाहेर येत नाही. थ्रीजीपासूनच्या सिमसाठी या कामी ‘मिलेनेज’ नावाची पद्धत सुचवली गेली. तिच्या पोटात ‘एईएस’ हे कूटलेखन आहे आणि एईएसच्या पोटात एव्हारिस्त गाल्वा या फ्रेंच तरुणाचे गणित. १८३२ मध्ये द्वंद्वयुद्धात गोळी लागून तो गेला, तेव्हा त्याचे वय होते २० वर्षे.

कोण होता हा गाल्वा?

पॅरिसजवळच्या बूर-ला-रेन या गावी २५ ऑक्टोबर १८११ रोजी त्याचा जन्म झाला. वडील उदारमतवादी विचारांचे, पुढे गावाचे महापौर झाले. बारा वर्षांचा होईपर्यंत त्याला आईनेच घरी शिकवले. मग पॅरिसच्या लुई-ल-ग्रां शाळेत दाखल झाल्यावर लजांद्रचे भूमितीचे पुस्तक हाती पडले आणि त्याचे बाकीच्या विषयांतील लक्षच उडाले.

एकोल पॉलिटेक्निकच्या प्रवेश परीक्षेत तो दोनदा नापास झाला. दुसऱ्या परीक्षेआधी काही आठवड्यांपूर्वीच, जुलै १८२९ मध्ये, वडिलांनी आत्महत्या केली होती. गावातल्या पाद्र्याने त्यांच्या नावावर खोटी, बदनामीकारक कवने पसरवली होती. मनाच्या त्या अवस्थेत तोंडी परीक्षा देणाऱ्या मुलाकडून परीक्षकांनी काय अपेक्षा ठेवावी?

त्याचे कागद हरवले, हे खरे का?

काही प्रमाणात खरे. समीकरणांवरील त्याचा पहिला निबंध गणितज्ञ कोशीकडे गेला, पण छापला गेला नाही. १८३०च्या आरंभी त्याने विज्ञान अकादमीच्या मोठ्या पुरस्कारासाठी निबंध दिला. तो सचिव फूरियेकडे होता. मे महिन्यात फूरियेचे निधन झाले आणि कागद सापडलेच नाहीत. तिसरा निबंध पुढल्या वर्षी प्वासोंने समजत नाही म्हणून परत केला.

मात्र सिमकार्डाच्या दृष्टीने महत्त्वाचा लेख यांपैकी एकही नाही. तो जून १८३० मध्ये फेरुसाकच्या विज्ञानपत्रिकेत रीतसर छापून आला होता. विषय होता संख्यासिद्धांत. गाल्वाच्या दंतकथेत या लेखाला सहसा जागा मिळत नाही, कारण त्यात ना बंदूक आहे ना शेवटची रात्र.

त्या लेखात काय होते?

मोजक्याच संख्यांचे एक बंदिस्त जग. त्यात बेरीज, वजाबाकी, गुणाकार करा किंवा शून्य सोडून कशानेही भागा, उत्तर त्याच जगात राहते. अशा रचनेला गणितात ‘सांत क्षेत्र’ किंवा गाल्वा क्षेत्र म्हणतात. त्यातील सदस्यांची संख्या नेहमी एखाद्या मूळ संख्येचा घात असते. दोनाचा आठवा घात २५६, आणि संगणकाच्या एका बाइटमध्ये बरोबर २५६ किमती मावतात.

साध्या घड्याळी गणिताने इथे भागत नाही. २५६ला पुन्हा शून्य धरले, तर २ गुणिले १२८ म्हणजे शून्य. मग २ने भागायचे कसे? गाल्वा क्षेत्रात ही अडचण नाही. तिथे २ आणि १४१ यांचा गुणाकार १ येतो, म्हणून २ने भागणे म्हणजे १४१ने गुणणे. एईएसचा मुख्य तक्ता असाच, प्रत्येक बाइटचा व्यस्त काढून आणि त्यावर आणखी एक संस्कार करून बनतो.

चिपमध्ये हा गुणाकार होतो कसा?

समजा ८७ची दुप्पट करायची आहे. बिट एक घर डावीकडे सरकवले की १७४. त्याची पुन्हा दुप्पट ३४८, पण हे बाइटमध्ये मावत नाही. वरचा बिट गळून ९२ उरतात. आता ९२ आणि २७ यांचे बिट एकाखाली एक ताडून पाहायचे : वेगळे असतील तिथे १, सारखे असतील तिथे ०. उत्तर ७१. एवढेच! गुणाकाराची वेगळी यंत्रणा नको. जुन्या कार्डांत कामाची स्मृती जेमतेम काही शे बाइट असे, त्यामुळे हा साधेपणा मोलाचा होता. डेमन आणि रायमन या बेल्जियन जोडीने एईएसचा प्रस्ताव मांडताना ८०५१ सारख्या आठ बिटांच्या प्रोसेसरचाही हिशेब दिला होता. होय, आपल्याकडच्या अभियांत्रिकी प्रयोगशाळांतला तोच ८०५१. अमेरिकेने २००१ मध्ये ही पद्धत प्रमाण म्हणून स्वीकारली.

खरी मेख प्रोग्रामिंगमध्ये आहे. ‘बिट गळाला तरच २७ वापर’ असे लिहिले, तर काही वेळा चिपला थोडे जास्त काम पडते. कार्डाला लागणारा वेळ आणि वीज बाहेरून मोजता येते. त्या फरकावरून किल्लीचा माग लागू शकतो, हे पॉल कोचर यांनी १९९०च्या दशकात दाखवले. म्हणून जाणता प्रोग्रामर बिट गळो वा न गळो, तीच पावले टाकायला लावतो. फक्त एकदा २७ ताडले जातात आणि एकदा शून्य. शिवाय खरी किमत लपवण्यासाठी मध्ये स्वैर आकडे मिसळतात.

सगळी कार्डे गाल्वावर चालतात असे मात्र नाही. बँकांच्या चिप कार्डांत वर्षानुवर्षे ‘ट्रिपल डेस’ ही जुनी पद्धत वापरात आहे. तिचा या गणिताशी संबंध नाही.

मग शेवट कसा झाला?

जुलै १८३०च्या क्रांतीत पॅरिस रस्त्यावर होते आणि गाल्वा शिकत असलेल्या संस्थेच्या संचालकांनी विद्यार्थ्यांना आत कोंडून ठेवले. त्याने वृत्तपत्रातून त्यांच्यावर टीका केली. हकालपट्टी झाली. तो प्रजासत्ताकवाद्यांत मिसळला. मेजवानीत हातात सुरी घेऊन राजाच्या नावाने प्याला उंचावल्याबद्दल खटला झाला, त्यातून सुटला. पण १४ जुलै १८३१ला बरखास्त तोफखान्याचा गणवेश घालून निघाल्याबद्दल पुन्हा पकडला गेला. सेंत-पेलाजीच्या तुरुंगातून बाहेर आल्यावर महिनाभरातच, ३० मे १८३२ रोजी, द्वंद्वयुद्ध झाले. कारण प्रेमप्रकरण की राजकारण, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. पोटात गोळी लागली. दुसऱ्या दिवशी कोशां रुग्णालयात त्याने प्राण सोडला.

आदल्या रात्री त्याने सारा सिद्धांत लिहून काढला, ही कथा अतिरंजित आहे. त्या रात्री त्याने मित्र ऑग्युस्त शव्हालिएला निष्कर्षांचा आढावा घेणारे पत्र लिहिले आणि जुन्या निबंधात दुरुस्त्या केल्या. भाऊ आणि शव्हालिए यांनी कागद जपले. लिउव्हिलने ते १८४६ मध्ये प्रसिद्ध केले. गाल्वाला मोंपार्नासच्या दफनभूमीत सार्वजनिक खड्ड्यात पुरले होते, ती जागा आता कुणाला दाखवता येत नाही.