महासी सयाडो : ज्यांचा उपदेश फितीवरून साधकांना मिळाला

भगवान बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर धम्म टिकला तो भिक्खूंच्या पाठांतरात. पुढे तो सिंहलद्वीपात ताडपत्रांवर उतरला आणि कालांतराने छापील ग्रंथांत आला. विसाव्या शतकात फितीवर ध्वनिमुद्रण करण्याचे यंत्र निघाले. साधना शिकविण्याच्या कामी या यंत्राचा विवेकाने उपयोग करून घेणारे आचार्य म्हणजे ब्रह्मदेशातील पूज्य महासी सयाडो. सयाडो म्हणजे आचार्यपदास पोहोचलेले ज्येष्ठ भिक्खू.

त्यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी उत्तर ब्रह्मदेशात, श्वेबो शहराजवळच्या सेक्खुन या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. सहाव्या वर्षी ते विहारात शिकू लागले, बाराव्या वर्षी श्रामणेर झाले व १९२३ साली त्यांना उपसंपदा मिळाली. त्यांचे भिक्खू नाव सोभन. पालि ग्रंथांचा त्यांनी कसून अभ्यास केला आणि मौलमीन येथील विहारात ते अध्यापन करू लागले.

सतिपट्ठान सुत्ताचे अध्ययन झाले होते. पण ग्रंथातले ज्ञान अनुभवास आले पाहिजे, ही तळमळ होती. म्हणून १९३२ साली ते थाटोनला मिंगुन जेतवन सयाडो यांच्याकडे गेले. विद्वान शिक्षक पुन्हा विद्यार्थी झाला आणि चार महिने त्याने कसोशीने साधना केली.

१९३८ साली त्यांनी सेक्खुनला पहिल्या तिघा जणांना विपस्सना शिकविली. महायुद्धात जपानी आक्रमण जवळ आले तेव्हा मौलमीन सोडून ते गावी परतले. तेथील विहारात एक मोठा नगारा होता. त्यावरून विहाराला महासी म्हणत व त्यावरूनच त्यांना हे नाव पडले. श्वेबोवर बाँब पडत असताना त्यांनी सात महिन्यांत विपस्सनेवरील दोन खंडांचा ग्रंथ लिहून पुरा केला.

देश स्वतंत्र झाल्यावर पंतप्रधान ऊ नू आणि सर ऊ थ्विन यांच्या विनंतीवरून ते रंगूनला आले. ४ डिसेंबर १९४९ रोजी पंचवीस साधकांना घेऊन तेथील केंद्रात शिकवणी सुरू झाली. नव्या साधकांना ते प्रथम सुमारे दीड तास उपदेश करीत. साधक वाढत गेले आणि जवळजवळ रोजच्या या बोलण्याने त्यांची प्रकृती थकू लागली. तेव्हा २७ जुलै १९५१ रोजी पंधरा साधकांना दिलेला उपदेश फितीवर घेण्यात आला. त्यानंतर सयाडो प्रारंभी चार शब्द बोलत व पुढे ती फीत लावली जाई.

काय होते त्या उपदेशात? श्वासाबरोबर पोट फुगते व ओसरते, तिकडे लक्ष ठेवावे. श्वास मुद्दाम बदलू नये. चालताना पाऊल उचलणे, पुढे नेणे, टेकविणे यांची नोंद मनाने घ्यावी. दुखले तर दुखण्याची, विचार आला तर विचाराची नोंद घ्यावी. अशा सततच्या जागृतीतून अनिच्च, दुक्ख व अनत्ता यांची स्वतःला प्रचीती येते. यात मंत्र नाही, देवाची करुणा भाकणे नाही, चमत्कार नाही. शिवाय भिक्खू असो वा उपासक, स्त्री असो वा पुरुष, सर्वांना तीच फीत! ज्ञानाचे शब्द ज्यांच्या कानांपासून शतकानुशतके दूर ठेवले गेले, त्यांना या गोष्टीचे मोल निराळे सांगावे लागणार नाही.

परंतु फीत लावून आचार्य मोकळे झाले नाहीत. साधकाने आपला अनुभव आचार्यांना सांगायचा व त्यांनी तो तपासून पुढची वाट दाखवायची, हा नियम कायम राहिला. आम्ही शिक्षक जाणतो की धडा सांगणे हे निम्मे काम. तो मुलाला कितपत उमगला हे ऐकून घेणे हे उरलेले निम्मे. फितीने पहिल्या कामाचा भार उचलला, म्हणून दुसऱ्यासाठी बळ उरले.

१९५४ ते १९५६ या काळात रंगूनला सहावी धम्मसंगीती झाली. तीत प्रश्न विचारणाऱ्या स्थविराचे मानाचे कार्य महासी सयाडोंकडे होते. डिसेंबर १९५४ मध्ये परमपूज्य बाबासाहेब आंबेडकर जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले, तेव्हा या संगीतीचे काम चालू होते.

१४ ऑगस्ट १९८२ रोजी सयाडोंचे निधन झाले. आज आपल्याकडे इगतपुरीला सत्यनारायण गोयंका यांच्या ध्वनिमुद्रित सूचनांवर शिबिरे चालतात. ती परंपरा सयाजी ऊ बा खिन यांची, वेगळी. पण तेथेही समोर आचार्य बसलेले असतात. आता तर उपदेश घरोघरी ऐकता येतो. उपासक-उपासिकांनी तो अवश्य ऐकावा. मात्र ऐकून झाल्यावर बसावे, चालावे, पाहावे, आणि जाणत्या माणसाला आपला अनुभव सांगून तो पारखून घ्यावा. धम्म आचरणात उतरला तरच तो आपला होतो.