विनातारण कर्ज देणारा माणूस : कर्मवीर भाऊराव पाटील

स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या, असा आपल्या चिटणिसांचा निरोप आला, तेव्हा सोसायटीच्या जुन्या आठवणी लिहाव्यात असं आधी मनात आलं. पण त्या इतर मंडळी माझ्यापेक्षा चांगल्या लिहितील. म्हणून ज्यांच्यामुळे मी या सोसायटीत फ्लॅट घेण्याइतपत वर आलो, त्यांच्याविषयी लिहितो. मी सातारा जिल्ह्यात, रयतच्या शाळेत शिकलो. हेडमास्तरांच्या खोलीत भाऊरावांची तसबीर असायची. पांढरी दाढी, अंगावर खादी. ते गेले तेव्हा मी लहान होतो. प्रत्यक्ष पाहण्याचा योग आला नाही.

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजचा. घराणं जैन, वडील सरकारी नोकरीत. वडिलांच्या बदलीमुळे विट्याला असताना अस्पृश्यांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत हे या मुलानं पाहिलं आणि सरळ विहिरीचा रहाटच मोडून टाकला, असं सांगतात. पुढं कोल्हापूरला राजाराम हायस्कूलमध्ये शिकताना ते जैन बोर्डिंगात राहात. अस्पृश्य मुलांसाठी निघालेल्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेले म्हणून परत आल्यावर आंघोळ करून आत या, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी ऐकलं नाही. बोर्डिंग सोडावं लागलं.

त्याच काळात शाहू महाराजांचा सहवास लाभला. महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहं काढली होती. भाऊरावांनी ते डोळ्यांनी पाहिलं आणि पुढं एक पाऊल टाकलं. त्यांच्या मनात आलं की सगळ्या जातींची मुलं एकाच छपराखाली का राहू नयेत? एका पंगतीत का जेवू नयेत?

गंमत म्हणजे भाऊराव स्वतः मॅट्रिक झाले नाहीत. पोटासाठी साताऱ्यात शिकवण्या केल्या, किर्लोस्करांचे नांगर खपवत खेडोपाडी फिरले, पुढं कूपर यांच्या कारखान्यातही काम केलं. १९१४ च्या सुमारास कोल्हापूरच्या डांबर प्रकरणात पोलिसांचा छळ सोसला, पण खोटी साक्ष दिली नाही. नांगर विकणाऱ्या माणसाला शेतकऱ्याच्या ओटीवर बसावं लागतं. तिथं त्यांना दिसलं की पोरं हुशार आहेत, पण शाळा लांब आणि घरात दमडी नाही.

सत्यशोधक विचारांच्या भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली संस्था साताऱ्याला आली. तिथल्या वसतिगृहाला १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळालं. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशी सगळी पोरं तिथं एकत्र राहात. दळण, स्वयंपाक, झाडलोट, शेतातलं काम पोरंच करत.

इथं माझ्यासारख्या बँकेतल्या माणसाला एक गोष्ट फार पटते. भाऊराव कुणाला फुकट देत नसत. तुझ्याकडं पैसा नाही ना, मग हात आहेत. कष्ट कर आणि शीक. ‘कमवा आणि शिका’ म्हणतात ती हीच योजना. त्यामुळं त्या पोरांना आपण कुणाच्या उपकारावर जगतोय असं वाटलं नाही. वर चढवणाऱ्यानं हात द्यावा, पण चढणाऱ्याची मान खाली जाऊ देऊ नये, हे त्यांना कळलं होतं.

पण हे सगळं ज्यांच्या जिवावर चाललं, त्या लक्ष्मीबाई वहिनींचं नाव आपण घाईत घेतो. बोर्डिंगातल्या पोरांच्या त्या आई होत्या. धान्य संपलं की अंगावरचा एकेक दागिना जायचा. शेवटी मंगळसूत्रही दिलं. १९३० साली त्या वारल्या. संस्थेचा पुढचा पसारा त्यांना पाहायला मिळाला नाही. मोठ्या माणसाच्या कामाचा हिशेब मांडताना ही नावेची बाजू विसरू नये.

पुढचं काम झपाट्यानं वाढलं. शिक्षक हवेत म्हणून १९३५ साली साताऱ्यात अध्यापक विद्यालय निघालं. शाळा नसलेल्या खेड्यांत व्हॉलंटरी शाळा सुरू झाल्या. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल, १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज, १९५४ साली कऱ्हाडला गाडगे महाराजांच्या नावानं कॉलेज. घरोघरी मूठमूठ धान्य बाजूला काढून लोकांनी हे उभं केलं. १९४८ साली सरकारी अनुदान बंद झालं, तेव्हाही लोकांनीच संस्था तगवली. १९५९ साली त्यांना पद्मभूषण मिळालं आणि त्याच वर्षी ९ मे रोजी ते गेले. वडाचं झाड हे संस्थेचं बोधचिन्ह आहे. बोर्डिंगात शिकलेली कितीतरी पोरं पुढं तुटपुंज्या पगारावर त्याच संस्थेत शिकवायला परत आली. वडाची पारंबी जमिनीला टेकून खोड होते, तसंच.

बँकेत असताना मी हजारो कर्जप्रकरणं हाताळली. प्रत्येक वेळी पहिला प्रश्न एकच, तारण काय? भाऊरावांनी हा प्रश्न कधी विचारला नाही. माझ्या बाबतीतही कुणी विचारला नाही.

आता जे लिहितो ते कबुली म्हणून लिहितो. काही वर्षांपूर्वी वॉचमनच्या मुलीला आणि कामाला येणाऱ्या बायकांच्या मुलांना संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात अभ्यासाला बसू द्यावं, असा विषय मीटिंगमध्ये आला होता. लाइट बिल, गोंगाट, उद्या काही हरवलं तर, अशी कारणं निघाली. मी तेव्हा कमिटीवर होतो. विरोधात हात वर करणाऱ्यांत मीही होतो. ती मुलगी मग जिन्याखालच्या दिव्यात वाचत बसायची. मी रोज तिच्यासमोरून लिफ्टकडं जायचो. हेडमास्तरांच्या खोलीतली ती तसबीर मला त्या दिवसांत एकदाही आठवली नाही, याची आज लाज वाटते.

ती मुलगी आता इथं नाही. पण जिन्याखाली आजही कुणी ना कुणी दप्तर घेऊन बसलेलं असतं. आपला हॉल संध्याकाळी बहुतेक दिवस रिकामाच असतो. रौप्यमहोत्सवी वर्षात तो रोज दोन तास उघडा ठेवावा, एवढीच माझी सूचना आहे. किल्ली सांभाळायला आणि गणित शिकवायला मी बसेन. दुसऱ्या कुणाला इंग्रजी जमत असेल तर त्यांनी जरूर यावं.

माझं जुनं कर्ज फेडायची मुदत केव्हाच टळून गेली आहे. निदान व्याज तरी भरू द्या.