कल्पना चावला आणि कोलंबिया

कल्पना चावला यांचा जन्म १९६२ साली कर्नाल येथे झाला. हे गाव आज हरियाणात असले तरी त्या वेळी पंजाब राज्यात होते. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या कुटुंबातील चार भावंडांत त्या सर्वांत धाकट्या. चंदीगडच्या पंजाब अभियांत्रिकी महाविद्यालयात त्यांनी विमानविद्येची शाखा मागितली, तेव्हा मुलीने ही शाखा घेऊ नये, असे प्राध्यापकांनीही सुचवले होते. त्या मागे हटल्या नाहीत. १९८२ मध्ये पदवी घेऊन त्या अमेरिकेला गेल्या व १९८८ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठाच्या डॉक्टरेट झाल्या. त्यानंतर नासा या संस्थेत विमानाभोवती वाहणाऱ्या हवेचे गणित संगणकावर मांडण्याचे काम त्यांनी केले. डिसेंबर १९९४ मध्ये अंतराळवीर म्हणून त्यांची निवड झाली.

अंतराळवीराचे बहुतेक आयुष्य जमिनीवरच जाते, ही गोष्ट सहसा आपल्या ध्यानात येत नाही. उड्डाणापूर्वी कल्पना चावला यांच्याकडे अंतराळयानाचे नियंत्रण करणाऱ्या संगणक-प्रणालीची प्रयोगशाळेत चाचणी घेण्याचे काम होते.

त्यांचे यान कोलंबिया. १९८१ साली प्रथम उडालेले हे यान विमानासारखे धावपट्टीवर उतरे आणि पुन्हा उड्डाणासाठी सिद्ध केले जाई. ही सिद्धता सोपी नव्हती. प्रत्येक प्रवासानंतर इंजिने काढून तपासावी लागत. उष्णतेपासून रक्षण करणाऱ्या हजारो फरशा एकेक करून पाहाव्या लागत. समुद्रात पडलेले दोन्ही सहायक अग्निबाण वर काढून पुन्हा वापरले जात. केवळ इंधनाची अजस्र टाकी दर वेळी नवी असे.

नोव्हेंबर १९९७ मध्ये त्यांनी कोलंबियातून पहिला प्रवास केला. यांत्रिक हाताने त्यांनी सोडलेला स्पार्टन हा उपग्रह बिघडला व भरकटला. दोन सहकाऱ्यांना यानाबाहेर जाऊन तो हातांनी पकडावा लागला. चौकशीत दोष मुख्यतः संगणक-प्रणाली व कार्यपद्धतीचा ठरला, आणि कल्पना चावला यांची दुसऱ्या प्रवासासाठी पुन्हा निवड झाली.

हा दुसरा प्रवास वारंवार लांबणीवर पडला. २००२ मध्ये यानांच्या इंधनवाहिन्यांत बारीक तडे आढळले व दुरुस्तीसाठी उड्डाणे थांबवावी लागली. तडे वेळीच दिसले, हे खरे. पण संकट दुसरीकडून यायचे होते.

१६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया अठ्ठाविसाव्या प्रवासास निघाले. सुमारे ८२ सेकंदांनी टाकीवरील फेसाळ आवरणाचा एक तुकडा निखळून डाव्या पंखाच्या कडेवर आदळला. जो भाग परत येणारच नव्हता, त्यानेच परतणाऱ्या यानाला जखमी केले. आवरणाचे तुकडे पूर्वीही निखळले होते आणि याने सुखरूप परतली होती. त्यामुळे ही घटना नेहमीचीच मानली गेली. पंखाची छायाचित्रे मिळवावीत, अशी विनंती अभियंत्यांनी केली. ती मान्य झाली नाही. कल्पना चावला व त्यांचे सहा सहकारी सोळा दिवस दोन पाळ्यांत प्रयोग करत राहिले.

१ फेब्रुवारी रोजी परतताना पंखाच्या छिद्रातून अतितप्त वायू आत शिरले आणि उतरण्यास सुमारे सोळा मिनिटे उरली असताना टेक्सासच्या आकाशात यान विखुरले. सातही जण मृत्युमुखी पडले.

भारताने आपल्या एका हवामान-उपग्रहाला ‘कल्पना-१’ हे नाव दिले. चौकशी मंडळाने तुकड्याच्या आघाताबरोबरच संस्थेच्या कार्यसंस्कृतीलाही दोष दिला. पुढचे यान, डिस्कव्हरी, जुलै २००५ मध्ये उडाले, तेव्हा त्यातील अंतराळवीरांनी लांब दांड्यावरील यंत्रणेने पंखांच्या कडा अंतराळातच तपासल्या.