देशी सपातांचा पंडित

इ. स. १८७४ च्या जानेवारी महिन्यातील गोष्ट. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या दाराशी एक प्रौढ गृहस्थ दोघा सोबत्यांसह येऊन पोचले. त्या वेळी वस्तुसंग्रहालयही त्याच इमारतीत होते. बाहेरगावच्या पाहुण्याला ते दाखवावे, असा त्यांचा हेतू होता. गृहस्थांच्या अंगावर साधे धोतर व जाडीभरडी चादर होती आणि पायांत टाचेशी उघड्या अशा देशी सपाता होत्या. सोबत्यांच्या पायांत विलायती धर्तीचे बूट होते. द्वारपालाने बूट घातलेल्यांना अडविले नाही. सपाता घातलेल्या गृहस्थांना मात्र त्याने बजावले, की सपाता बाहेर काढून ठेवाव्यात, नाही तर हातात घेऊन आत जावे. गृहस्थ तसेच माघारी फिरले.

हे गृहस्थ म्हणजे ईश्वरचंद्र विद्यासागर. संस्कृत कॉलेजचे प्राचार्यपद त्यांनी भूषविले होते. विधवाविवाहाचा कायदा त्यांच्या खटपटीने संमत झाला होता. बंगालमधील मुले त्यांच्याच ‘वर्णपरिचय’ या पुस्तकावरून अक्षरे शिकत होती. आपण कोण आहोत हे त्यांनी सांगितले असते, तर दार तत्काळ उघडले असते. पण त्यांनी ते सांगितले नाही. घरी परतल्यावर त्यांनी संग्रहालयाच्या चालकांना पत्र लिहिले आणि एवढेच विचारले, की विलायती बूट आत चालतात, तर देशी जोडा का चालू नये? बराच पत्रव्यवहार झाला, परंतु समाधानकारक उत्तर काही मिळाले नाही. प्रश्न आपल्या एकट्याच्या मानाचा असता, तर विद्यासागरांनी तो बहुधा सोडून दिला असता. पण त्या दाराशी माणसाची किंमत त्याच्या पायांकडे पाहून ठरत होती, आणि हेच त्यांना असह्य होते.

ईश्वरचंद्रांचा जन्म २६ सप्टेंबर १८२० रोजी बंगालमधील वीरसिंह या खेड्यात झाला. वडील ठाकुरदास कलकत्त्यास आठ-दहा रुपयांची नोकरी करीत. मुलाला शिक्षणासाठी शहरात न्यायचे, तर वाहनाला पैसे नव्हते. बापलेक पायीच निघाले. वाटेत मैलांचे दगड लागत. त्यांवरील इंग्रजी आकडे पाहत पाहत त्या लहान मुलाने कलकत्ता येईपर्यंत सारे अंक पाठ करून टाकले. शहरात आल्यावर स्वयंपाक करावा, भांडी घासावीत आणि रात्री उशिरापर्यंत अभ्यास करावा, असा त्याचा क्रम असे. ‘विद्यासागर’ ही पदवी त्यांना विशीच्या आतच मिळाली. १८४१ मध्ये फोर्ट विल्यम कॉलेजात दरमहा पन्नास रुपयांवर मुख्य पंडिताची जागा मिळताच त्यांनी पहिली गोष्ट कोणती केली, तर वडिलांना चाकरी सोडावयास लावून गावी विश्रांतीसाठी पाठविले. स्वतःच्या पोशाखात मात्र त्यांनी काडीचाही फरक केला नाही.

पुढे ते संस्कृत कॉलेजात काम करीत असताना हिंदू कॉलेजचे प्राचार्य केर यांच्या भेटीस गेले. साहेब बूट घातलेले पाय टेबलावर पसरून बसले होते. त्यांनी पाय खाली घेतले नाहीत की पंडितांना बसावयास सांगितले नाही. काही दिवसांनी केरसाहेबांनाच विद्यासागरांकडे यावे लागले. तेव्हा विद्यासागरांनीही सपातांसह पाय टेबलावर ठेवले आणि संभाषण केले! साहेबांनी वरिष्ठांकडे तक्रार केली. खुलासा मागविला गेला, तेव्हा विद्यासागरांनी नम्रपणे कळविले, की सुसंस्कृत स्वागताची हीच रीत असावी अशी आपली समजूत झाली. कारण ती आपण प्रत्यक्ष साहेबांकडूनच शिकलो. प्रकरण तेथेच मिटले.

बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर हॅलिडे यांना विद्यासागरांविषयी आदर होता. भेटीस येताना दरबारी पोशाख करावा, अशी त्यांनी विनंती केली. विद्यासागर काही वेळा तसे गेले. पण त्या सोंगात त्यांचा जीव गुदमरू लागला. असे कपडे करणे भाग असेल, तर आपले येणे आता होणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. हॅलिडे यांनी आग्रह सोडला. १८५८ मध्ये शिक्षणखात्याच्या वरिष्ठांशी मतभेद झाले, तेव्हा दरमहा पाचशे रुपयांच्या नोकरीचाही त्यांनी राजीनामा दिला. त्या काळी पाचशे रुपये ही केवढी रक्कम होती, हे ठाकुरदासांच्या पगारावरून कळेल.

जुलै १८५६ मध्ये विधवाविवाहाचा कायदा झाला. तत्पूर्वी कलकत्त्याच्या मोठमोठ्या धनिकांनी त्याविरुद्ध अर्ज केले होते. कायद्याच्या बाजूच्या कित्येक श्रीमंतांनी मदतीची वचने दिली, आणि वेळ येताच ती विसरून गेले. विवाहांचा खर्च विद्यासागरांच्या अंगावर पडला व ते कर्जात बुडाले. तरीही १८७० मध्ये त्यांचे चिरंजीव नारायणचंद्र यांनी एका विधवेशीच विवाह केला. त्यांच्या विधवाविवाहविषयक ग्रंथाचे मराठी भाषांतर विष्णुशास्त्री पंडित यांनी केले आणि तो विचार महाराष्ट्रातही पोचला.

कवी मायकेल मधुसूदन दत्त यांची राहणी याच्या अगदी उलट. विलायती पोशाख, विलायती थाट, खर्चाला धरबंध नाही. १८६४ मध्ये ते फ्रान्समध्ये कुटुंबासह कर्जात सापडले आणि तुरुंगात जाण्याची वेळ आली. त्यांनी हाक मारली ती जाड्याभरड्या चादरीतल्या पंडिताला. विद्यासागरांनी पंधराशे रुपये पाठविले आणि पुढेही पाठवीत राहिले.

उतारवयात शहरातील माणसांना कंटाळून ते कर्माटांड येथे संथाळांच्या वस्तीत जाऊन राहू लागले. सकाळी संथाळ मक्याची कणसे घेऊन येत. पैशांची निकड सांगून ते जी किंमत मागत, ती देऊन विद्यासागर कणसे विकत घेत आणि घरात रचून ठेवीत. दुपारी भुकेली माणसे येत आणि खावयास मागत. तेव्हा तीच कणसे त्यांना वाटली जात. एकदा हरप्रसाद शास्त्री हे तरुण विद्वान त्यांच्याकडे उतरले असता विद्यासागर घरात कोठेच दिसेनात. थोड्या वेळाने ते शेताच्या बांधावरून घामाघूम होऊन झपाझप येताना दिसले. हातात औषधाची वाटी होती. एका संथाळ मुलाच्या नाकातून रक्त वाहत होते, त्याला औषध देऊन ते परत येत होते.