तीन पदरी पीळ

होस्टेलचे जिने धडाधड उतरताना गुडघ्यातली हाडं एकमेकांवर घासत नाहीत, ती कूर्चेमुळे. कूर्चेत दोन मुख्य भिडू असतात. एक, अंगावर साखरेच्या लांब साखळ्या बाळगणारी प्रथिने. या साखळ्यांवर ऋण प्रभार असतो, त्यामुळे त्या पाणी धरून ठेवतात आणि फुगू पाहतात. दुसरा, त्यांना आवळून धरणारी कोलॅजेनची जाळी. सिव्हिलवाल्यांच्या भाषेत काँक्रीट आणि सळई! दाब पहिला सोसतो, ताण दुसरा.

या सळईचा पीळ उलगडणारा माणूस मूळचा इलेक्ट्रिकलचा, हे कळल्यावर मी मिळेल ते वाचत सुटलो. जी. एन. रामचंद्रन यांचा जन्म ८ ऑक्टोबर १९२२चा, एर्नाकुलमचा. १९४२ मध्ये ते बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये इलेक्ट्रिकलला आले, पण सी. व्ही. रामन यांनी त्यांना फिजिक्सकडे ओढून नेलं. पुढे केंब्रिजची डॉक्टरेट आणि १९५२ मध्ये, ऐन तिशीत, मद्रास विद्यापीठात फिजिक्सचे विभागप्रमुखपद.

तिथे भेटीला आलेल्या बर्नाल यांनी कोलॅजेनचं न सुटलेलं कोडं सुचवलं. मद्रासच्याच चर्म संशोधन संस्थेतून कांगारूच्या शेपटीतला स्नायुरज्जू मिळाला. १९५४ मध्ये गोपीनाथ कार्था यांच्यासह त्यांनी 'नेचर'मध्ये तीन साखळ्यांची रचना मांडली आणि १९५५ मध्ये त्या तिन्ही पदरांना दोरासारखा पीळ दिला. दर तिसरी जागा ग्लायसिनचीच, कारण मध्यभागी त्याहून मोठं काही मावतच नाही!

लगेच क्रिक आणि रिच यांनी आक्षेप घेतला: या रचनेत काही अणू फारच जवळ आलेत. तपशिलात त्यांचं काही म्हणणं पुढे मान्यही झालं. तीन पदरांची मूळ कल्पना मात्र टिकली. पण अणू नेमके किती जवळ येऊ शकतात? रामचंद्रन यांनी तोच प्रश्न हाती घेतला, प्रसिद्ध झालेल्या रचनांमधली अंतरं तपासली आणि १९६३ मध्ये रामकृष्णन व शशिशेखरन यांच्यासह 'रामचंद्रन आलेख' दिला. आजही प्रथिनाची नवी रचना या आलेखावर तपासली जाते. १९७१ मध्ये सीटी स्कॅनची प्रतिमा जुळवण्याच्या गणितातही त्यांनी मोलाची भर घातली.

नोबेल काही मिळालं नाही. ७ एप्रिल २००१ रोजी चेन्नईत ते गेले. मला मात्र त्यांच्या पिळापेक्षा तो आलेख मोठा वाटतो. व्हायव्हात कुणी चूक काढली की आपण तोंड पाडून बाहेर येतो. या माणसाने आक्षेपातूनच पुढचा विषय काढला!