हवेची धाव

जॉन बॉयड डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न या गावी झाला. पशुवैद्यकाचे शिक्षण घेऊन १८६७ साली ते आयर्लंडला गेले व नंतर बेलफास्ट शहरी स्थायिक झाले. आजारी जनावरांवर उपचार करण्यात त्यांचा दिवस जाई.

त्या काळी सायकलच्या चाकांना भरीव रबराच्या धावा असत. दगडी रस्त्यावर प्रत्येक खाचखळग्याचा हादरा बसणाऱ्याला सोसावा लागे. आपल्या लहानग्या जॉनीला तीनचाकी सायकलवर बसणारे हे धक्के पाहून पित्याचे मन कळवळले. १८८७ साली त्यांनी पातळ रबराची नळी तयार केली, ती एका लाकडी चकतीभोवती कापडाने घट्ट बसवली आणि तीत पंपाने हवा भरली. नंतर अंगणात त्यांनी सायकलचे चाक व ही चकती, दोन्ही घरंगळत सोडली. चाक वाटेतच कलंडले. चकती मात्र थेट फाटकाच्या खांबावर आदळून उसळली. कोंडलेली हवा हादरा तर गिळतेच, शिवाय चाकाची गतीही टिकवते, हे सिद्ध झाले.

१८८८ साली त्यांना या शोधाचे पेटंट मिळाले. पुढील वर्षी विली ह्यूम या स्पर्धकाने बेलफास्टच्या शर्यतीत असे जाड टायर लावलेली सायकल आणली. ते बेढब टायर पाहून लोक हसले. परंतु ह्यूम जिंकताच हसणारे स्तब्ध झाले.

तथापि, दैवाने त्यांची कसोटी पाहिली. रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश गृहस्थाने १८४५ सालीच अशा टायरचे पेटंट घेतल्याचे उघडकीस आले. डनलॉप यांना त्याची वार्ताही नव्हती. थॉमसन यांच्या काळी सायकलींचा प्रसार झालेला नव्हता, म्हणून तो शोध विस्मृतीत गेला होता. डनलॉप यांचे पेटंट रद्द ठरले. त्यांच्या नावाची कंपनी जगभर पसरली, पण त्या वैभवाचा मोठा वाटा त्यांना लाभला नाही. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिन येथे त्यांचे निधन झाले.

त्यांचा टायर चाकाला चिकटवलेला असे. त्यामुळे पंक्चर काढणे जिकिरीचे होई. पुढे इतरांनी सहज निघणारे टायर बनवले. आज तर अनेक वाहनांच्या टायरमधील ट्यूबही गेली आणि टायर व चाकाची कड यांच्यामध्येच हवा कोंडली जाऊ लागली. साधने बदलली, तरी भार तोलणारी हवा तीच राहिली. एका पित्याने मुलासाठी केलेली खटपट अशी साऱ्या जगाच्या कामी आली.